बिनशिवणीचं अंगडं

"अक्का... घरमा शेतस का?"

हाक कानावर आली आणि रत्नाच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. इतकी वर्षं लोटली, धुळ्याच्या देवपुरातल्या या दोन खोल्यांत तिनं कितीतरी माणसांचे आवाज ऐकले आणि विसरलीही. पण हा आवाज... हा आवाज तिनं सरणावरूनसुद्धा ओळखला असता! याच आवाजानं एके काळी भर अंगणात, साऱ्या भाऊबंदांसमोर, तिला करणी करणारी ठरवलं होतं. आणि आज तोच आवाज तिच्या उंबऱ्याशी येऊन थरथरत होता.

ती उठली नाही. हातातला टाका तेवढा पुरा केला आणि मान वर न करता म्हणाली, "दार उघडंच शे. पन उंबरा वलांडू नको. तठेच बस."

बाहेरच्या पायरीवर दिपमाला बसली. रत्नाची धाकटी जाऊ. कधीकाळी केळीच्या कोंबासारखी टवटवीत असलेली ती बाई आता पार वाळून गेली होती. कपाळ मोकळं, केस पांढरे, लुगडं प्रवासानं चुरगळलेलं. जानेवारीची बोचरी थंडी होती, धुळ्यातली थंडी काही कुणाची गय करत नाही, आणि दिपमालेच्या अंगावर साधी शालसुद्धा नव्हती. ते बघून रत्नाला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! खोटं कशाला बोला? दारी आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात, पण तिनं पाणी विचारलं नाही.

"मना पत्ता तुले कोणी दिधा?"

"दवाखानानी नर्सबाईनी, अक्का. ती म्हने, धुळाले एक बाई हातवर विनस, एक बी शिवण नही ऱ्हास तिना कपडासले. गल्लीमा येवावर नाव इचारं, तवय समजनं का त्या तुम्ही शेतस..." दिपमालेनं पदर तोंडाशी धरला. "अमृतले पोर व्हयनी, अक्का. सातवा महिनामाच. जळगावले काचनी पेटीमा ठेल शे. कातडी इतली पातय शे, का बजारना कपडानी शिवण लागनी तरी आंग सोलाई जास. मानवर, बगलमा... बठ्ठं लाल व्हई जायेल शे!"

रत्ना हसली. फार दिवसांनी हसल्यामुळे ते हसू तिलाच ओळखीचं वाटलं नाही.

"मी तर वांझ शे. करणी करनारी शे. आते चालस का तुले मना हातनं?"

"तुमना पाया पडस मी..." दिपमालेनं उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

रड! रत्नाच्या अंतःकरणातून कुणीतरी ओरडलं. रड, अजून रड! मी किती रडले त्याचा हिशेब कुणी ठेवला होता?

चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांनी वेढलेल्या गावात रत्ना थोरली सून म्हणून गेली होती. घरात नवरा चुडामण, सासू यशोदाबाई, आणि मागाहून धाकटी जाऊ म्हणून आलेली दिपमाला. रत्नाची कूस काही उजवली नाही. दिपमालेला मात्र वर्षाच्या आत दिवस गेले, आणि त्या घरात रत्नाच्या वाट्याला एकच सुख उरलं, येणाऱ्या बाळासाठी विणायचं! तेही बाळाला हात न लावता. मूल न झालेल्या बाईचा हात बाळाला नको, असं यशोदाबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रत्ना ओसरीवर बसून विणायची, विणलेलं उंबऱ्यावर ठेवायची, आणि आतून कुणीतरी ते उचलून न्यायचं.

पण काय विणायची ती! सगळ्या बायका पाठ वेगळी, पोट वेगळं, बाह्या वेगळ्या अशा विणून मग ते तुकडे शिवायच्या. रत्नाला ती शिवण सोसवत नसे. कोवळ्या अंगाला ती काडीसारखी टोचते, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं स्वतःच्याच डोक्यानं रीत बसवली होती. गळ्यापासून सुरुवात करायची, खांद्यांवर टाके वाढवत खाली यायचं, बगलेपाशी बाह्यांचे टाके बाजूला ओवून ठेवायचे आणि अंग पुरं झालं की त्यांच्याकडे वळायचं. अख्खं अंगडं एका धाग्यात, कुठे जोड म्हणून नाही! जे बाळ मांडीवर घ्यायला मिळालं नाही, त्याला ती अशी सगळ्या अंगानं कवटाळून घेत होती.

आणि मग ती काळी सकाळ उगवली... अमृत चार महिन्यांचा होता. पहाटेपासून जे रडत सुटला ते थांबेचना. पायातला मोजा काढला तेव्हा करंगळी काळीनिळी पडलेली, आणि तिच्याभोवती एक लांब काळा केस करकचून गुंडाळलेला!

त्या घरात केसाची मोठी धास्ती. विंचरून झालं की बायका गळालेले केस बोटावर गुंडाळायच्या, त्यावर थुंकायच्या आणि भिंतीच्या फटीत खोचून ठेवायच्या. परक्याच्या हाती केस लागला की करणी होते म्हणून. पुढे तेच केस सुया-कंगवे देणारी फिरस्ती बाई आली की तिच्या पदरात टाकायच्या, आणि याची गंमत मात्र कुणाला वाटत नसे! बाळाच्या बोटाला केस म्हटल्यावर कुणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. यशोदाबाई आधी दिपमालेवरच धावून गेली, "माय शे का वैरीन? ध्यान कठे व्हतं तुनं?" आणि भेदरलेल्या दिपमालेनं ओसरीकडे बोट केलं.

"अक्कानी... अक्कानी मोजामा केस विना! अक्कानी करणी करी!"

एवढंच. तेवढ्या शब्दांत एका बाईचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. मोजे चुलीत गेले. अमृतच्या करंगळीचं टोक गेलं. रत्नाला केसांना धरून अंगणात ओढलं, साऱ्या गावासमोर तिच्या नावानं बोटं मोडली, आणि नवरा... चुडामण ओसरीवर मान खाली घालून बसून राहिला. तो एक शब्द बोलला असता तरी तिला जगायला पुरला असता! पुढे तो गेला, त्याची बातमीही तिला दहावं उलटल्यावर मिळाली.

माहेरच्या एका चुलत बहिणीच्या आधारानं ती धुळ्याला आली आणि विणत राहिली. पण एक काटा मनात कायमचा रुतला. केस खरंच माझा तर नसेल? विणता विणता चुकून धाग्याबरोबर गेला असेल का? तेव्हापासून ती डोक्याला फडकं घट्ट बांधल्याशिवाय सुईला हात लावत नसे. आपण निर्दोष आहोत हे छातीठोकपणे स्वतःशीसुद्धा म्हणता येऊ नये, याइतकी क्रूर शिक्षा दुसरी नाही.

"विनसू," रत्ना म्हणाली तेव्हा ऊन पायरीवरून सरकून गेलं होतं. "पन तुनासाठे नही. मी सोता ईसू जळगावले, मना हातवरी अंगडं घालसू पोरले. आनि बारसाना दिवस, त्याच अंगनमा, बठ्ठा भाऊबंदसमोर तू सांगशी, का रत्नानी करणी करी नही."

"सांगसू, अक्का. बठ्ठं सांगसू!"

इतक्या पटकन कबूल झाली! रत्नाला चीड आली. एवढ्यानं भागणार होतं होय? मनातल्या मनात तिनं दुसरीच प्रतिज्ञा केली. नवरा गेल्यावर या बाईला जगात अमृतशिवाय कुणी नाही. तो अमृत हिच्यापासून तोडायचा! मला जशी एकटी केली, तशी ही एकटी पडली पाहिजे. कसं, ते तिला अजून ठाऊक नव्हतं, पण तिचा निश्चय झाला होता.

"केवढी शे पोर?"

दिपमालेनं दोन तळवे जोडून पुढे केले आणि ते जेमतेम लांबवले.

"डोकं?"

"मोसंबीइतलं..."

ती गेल्यावर रत्ना बाजारातून एक मोसंबी घेऊन आली. उबदार पण मऊ असा बारीक सुती धागा काढला, पुढून उघडं राहील, नाडीनं बांधता येईल असं अंगडं मनात आखलं, आणि मोसंबीवर बेतून इवलंसं टोपडं विणायला घेतलं. मनात सूड उकळत होता; पण हात... हात मात्र बेइमान! ते इतक्या मायेनं चालत होते की रत्नाला त्यांचाच राग आला. गाठीचं टोक आत राहिलं तर टोचेल म्हणून तिनं गाठ मारलीच नाही, टोक परत टाक्यांतून फिरवून जिरवलं. मोजे विणले, हातमोजे विणले, एकेक उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि पारोळा-एरंडोलवरून जाणाऱ्या पहिल्या एसटीनं ती जळगावला निघाली.

दवाखान्याच्या जिन्यापाशी अमृत भेटला. चांगला उंचापुरा, डोळे थेट चुडामणसारखे. रत्नाच्या काळजात लक्कन हललं. त्यानं हात जोडले, पण त्या जोडलेल्या हातांत आपलेपणा नव्हता.

"बाई, तुम्ही आलात, उपकार झाले. पण कपडे सिस्टरकडे द्या. मुलीला हात त्या लावतील."

बाई! मोठी आई नाही, काकू नाही... बाई! रत्नानं दिपमालेकडे पाहिलं. दिपमालेनं नजर चुकवली. अमृत औषधं आणायला निघून गेला; उन्हाळा असो की हिवाळा, पायात मोजे-बूट घातल्याशिवाय तो बाहेर पडत नाही, हे त्याची बायको ममता सहज बोलून गेली तेव्हा रत्नानं ओठ घट्ट मिटून घेतले.

आतल्या खोलीत गेंदा सिस्टर होती. सातपुड्यातल्या पाड्यावरची मुलगी, शिकून इथे लागलेली, बोलायला मोकळी. अंगडं हातावर घेऊन तिनं ते आतून-बाहेरून चाचपलं आणि तिचा चेहरा उजळला.

"मावशी, हेच हवं होतं! कुठेच जोड नाही!" मग मोजे उचलून तिनं एकेक उलटा केला, बोट घालून फिरवलं आणि ममताकडे वळली. "हे बघ, मोजे घालायच्या आधी दर वेळी असे उलटे करून बघायचे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आईचे केस फार गळतात. एखादा सुटा केस मोज्यात शिरतो, बाळाच्या बोटाला गुंडाळतो, आणि बाळ पाय हलवेल तसा आवळत जातो. बोट काळं पडतं. बाळ रडतं, पण का रडतंय ते कुणाला कळत नाही."

आईचा केस! सुटा केस! रत्नाच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. विणीत गेलेला केस टाक्याटाक्यात अडकलेला असतो, मोजा उसवल्याशिवाय तो निघायचा नाही. आणि तो केस तर मोजा काढल्यावरही अमृतच्या बोटावरच राहिला होता, मोजा चुलीत गेला तो अखंड! बाळाला हात लावायची मुभा नसलेल्या रत्नाचा सुटा केस आतल्या खोलीतल्या बाळाच्या मोज्यात जाणार कसा? नव्हता... तो माझा नव्हता! इतकी वर्षं रुतलेला काटा एका क्षणात निघाला, आणि तिनं झटकन मान वळवून दिपमालेकडे पाहिलं.

दिपमालेच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. भीती होती.

बाहेरच्या व्हरांड्यात रत्नानं तिचं मनगट पकडलं. "तुले ठाऊक व्हतं!"

"अक्का..."

"तवयपासून ठाऊक व्हतं तुले!"

दिपमाला भिंतीला टेकून खाली बसली. "दिवालना फटमा मनाच केसेसना गुच्छा व्हता, अक्का. मूठ मूठ केस जाये मना. बोटवरना केस दखताच माले समजनं... पन सासूबाई माले घरमाईन काढी देती. मना पोऱ्या माले परत दखाले भेटता नही. मी भ्यायनू, अक्का. मी फक्त भ्यायनू!" मग तिनं रत्नाचे पाय धरले. "अमृतले सांगू नका. त्याना बाप नही. माले आते तोच एक शे..."

"माले कोन व्हतं?" रत्ना म्हणाली. "सांग ना, दिपमाला. त्या दिवस माले कोन व्हतं?"

रत्नानं पाय सोडवून घेतले. सूड कसा घ्यायचा, ते आता तिला ठाऊक झालं होतं. देवानं तो आयता तिच्या ओटीत घातला होता! "बारसाना दिवस सांगसू," ती शांतपणे म्हणाली. "त्याच अंगनमा."

मग सुरू झाला एक विलक्षण खेळ. पोर वाढत होती, पेटीतून आईच्या छातीशी आली, गालांवर मांस चढलं, आणि रत्ना दर आठवड्याला नवं, जरा मोठं अंगडं घेऊन जळगावला येत राहिली. तिला पाहिलं की दिपमालेच्या तोंडचं पाणी पळायचं. ती रत्नाची पिशवी उचलायची, चहात साखर किती म्हणून दोनदा विचारायची, अमृत आणि रत्ना एका ठिकाणी दिसले की धावत मध्ये यायची. रत्ना मुद्दाम म्हणायची, "अमृत, मला तुला एक गोष्ट सांगायची आहे..." आणि दिपमालेचा चेहरा पांढराफटक पडला की सावकाश पुढे म्हणायची, "पोरीला आता उघड्यावर नेऊ नको हो." केवढं सुख होतं त्यात! वैऱ्याला थेंबाथेंबानं वितळताना बघण्याचं सुख ज्यानं भोगलं नाही, त्याला ते सांगून कळायचं नाही. फक्त परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर कधीकधी पिशवीतलं विणकाम तिच्यानं बाहेर काढवायचं नाही, आणि ते ती प्रवासावर ढकलायची.

इकडे अमृत मात्र बदलत होता. आधी नुसता नमस्कार, मग "बसा", मग एके दिवशी त्यानं मुलीला स्वतः रत्नाच्या हातात दिलं. "तुमच्या कपड्यांनी हिची कातडी सांभाळली," तो खाली बघत म्हणाला. "मला लहानपणापासून तुमच्याविषयी जे सांगितलं, ते... ते जाऊ द्या." रत्नाला कळून चुकलं की आता ती जे सांगेल ते तो खरं मानेल.

चैत्रात बारसं ठरलं. अमृत स्वतः गाडी घेऊन धुळ्याला आला आणि तिला घेऊन गेला. गाडी त्या गावात शिरली, केळीच्या बागा दुतर्फा मागे पडू लागल्या, आणि रत्नानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. तेच अंगण! मांडव घातलेला, पाळणा फुलांनी सजवलेला, सारे भाऊबंद जमलेले. म्हाताऱ्या बायका तिच्याकडे टकमका पाहत होत्या. एकीनं आपल्या नातवाला पदराआड ओढलं, तेही तिनं टिपलं. पोरीच्या अंगात आज तिनंच विणलेलं जाळीदार, पांढरंशुभ्र अंगडं होतं.

पाळण्याजवळ दिपमाला उभी राहिली. "बठ्ठासले सांगस... रत्ना अक्कानी करणी करी नव्हती. तो आमना गैरसमज व्हता."

"जाऊ द्या वो, जुनं व्हई गयं," कुणीतरी म्हटलं. "आते पोरनं नाव ठेवा." दुसरं कुणी हसलं. पानसुपारीचं तबक फिरू लागलं. दिपमाला नातीला मांडीवर घेऊन खाली बसली.

गैरसमज! पानसुपारीत गुंडाळून टाकला माझा सारा जन्म! रत्नाच्या कानशिलांत घण पडू लागले. ती ताडकन उठली.

"अमृत, बूट काढ. मोजा काढ."

अमृतचा चेहरा लाल झाला. जन्मभर लपवलेली गोष्ट उघडी करायला सांगत होती ही बाई! पण रत्नाच्या डोळ्यांत काय दिसलं कुणास ठाऊक, तो खाली बसला आणि त्यानं मोजा ओढून काढला. ते खुंटलेलं बोट साऱ्यांसमोर आलं.

"हे कोणी केलं, असं तुला सांगितलं?"

"तुम्ही," तो अगदी हळू म्हणाला.

"मग तो केस कोनाना व्हता, ते तुना मायले इचार."

रत्ना थांबली. मनात ती आतुरतेनं म्हणत होती, खोटं बोल, दिपमाला! एकदा खोटं बोल, म्हणजे तुझ्या खोट्यासकट तुला उघडं पाडते! मांडीवरच्या नातीला छातीशी घट्ट धरून दिपमालेनं एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा त्या बोटाकडे.

"मना व्हता," ती म्हणाली. "बायतपनना मना केस गयी राहिंता. माले तवयच समजनं व्हतं, बेटा. सासूबाईना धाकवरी मी अक्कानं नाव लिधं. अक्का घरमाईन गयात... मी गप ऱ्हायनू. तुले बी खोटंच सांगं. बठ्ठा जलम गप ऱ्हायनू मी!"

रत्नानं जे बोलायचं होतं ते तिनंच बोलून टाकलं. इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं शस्त्र दुसऱ्यानं हातातून काढून घ्यावं, तसं रत्नाला झालं. ती रित्या हातांनी तशीच उभी राहिली.

अमृत उठला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज दगडासारखा होता. त्यानं आईच्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं.

"ममता, सामान भर. आपण आत्ता निघतो. आणि आई, आजपासून माझ्या मुलीला तुझा हात नको."

दिपमालेनं हात पुढे केले नाहीत. रडली नाही. रिकाम्या मांडीकडे बघत ती बसून राहिली, आणि भोवतीच्या बायका एक-एक करून तिच्यापासून मागे सरकल्या.

झालं! रत्नाला हवं होतं ते अगदी तसंच, तिच्या डोळ्यांदेखत झालं! आता आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं... बाळाला तिचा हात नको. हेच ते वाक्य! याच घरात यशोदाबाईच्या तोंडून तिनं ते ऐकलं होतं, आणि तिला हाकललं तेव्हा याच ओसरीवर एक चांगला बोलता-चालता पुरुष मान खाली घालून बसला होता. आता ते वाक्य तिच्या सुडाच्या तोंडून बाहेर पडलं होतं. या अंगणानं पुन्हा एका बाईला हाकलायचं, आणि या वेळी ओसरीवर गप्प बसणारी रत्ना असायची?

"अमृत!" ती अशी कडाडली की मांडवाबाहेरची पोरंसुद्धा थांबली. "दे ती पोर परत तिच्या मांडीवर!"

"मोठी आई, तुम्ही... तुम्ही हे म्हणता? हिनं तुमचं काय केलं ते..."

मोठी आई! त्या दोन शब्दांनी रत्नाचा ऊर भरून आला, डोळ्यांपुढचं सारं धूसर झालं. पण तिनं आवाज पडू दिला नाही.

"मनं काय करं ते माले ठाऊक शे! वैर मनं शे, तुनं नही. ते मी इतला वरीस सांभाळं, पुढे बी मीच सांभाळसू. तुना वाटाले ते मी येऊ देवाव नही. तुझ्या आईला काय बोलायचं ते मी बोलेन, शिव्या द्यायच्या तर मी देईन, माझा तो हक्क आहे. पण मुलाला जवळ ठेवता यावं म्हणून ती भ्याली, आणि आज तोच मुलगा जाणार हे डोळ्यांनी दिसत असूनही खरं बोलली. भर अंगणात बोलली! तुझ्या काकाला नाही जमलं ते." ती अमृतच्या समोर जाऊन उभी राहिली. "घरातून बाईला हाकलायचं, हा खेळ इथे पुरे झाला. दे पोर!"

अमृत पुढे आला. मग तो आईसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. तेव्हा कुठे दिपमालेला रडू फुटलं, आणि ते असं फुटलं की साऱ्या मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नातीसकट ती रत्नाच्या पायांवर कोसळणार, तोच रत्नानं तिचा दंड धरून तिला उभं केलं.

"माफ नही करं मी तुले," रत्ना तिच्या कानाशी म्हणाली. "समजनं? करसू का नही, तेबी माले ठाऊक नही."

"नका करा, अक्का," दिपमाला हुंदक्यांमधून म्हणाली. "पन जाऊ नका."

पाळणा खोळंबला होता. बाळाला पाळण्याखालून एकीनं द्यायचं आणि पलीकडून दुसरीनं घ्यायचं, त्याला समोरासमोर दोघी लागतात. एका बाजूला कुणी यावं म्हणून म्हातारी मंडळी इकडे तिकडे बघू लागली. कुणाचं नाव पुकारायची वाट न पाहता रत्नानं पदर खोचला, दिपमालेच्या हातून पोरीला घेतलं आणि ती पाळण्याच्या अलीकडे जाऊन बसली. पलीकडे दिपमाला बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"नीट धर," रत्ना पाळण्याखालून पोरीला पुढे करत दरडावून म्हणाली, "आनि ते रडनं बंद कर. मी विनेल अंगडं ओलं व्हई राहिनं."

दिपमालेनं पोरीला धरलं.